सासूबाईंच्या ट्रंकेतल्या वह्या : ठेवायच्या, द्यायच्या की रद्दीत?

अनघा_के
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

सासूबाई मागच्या दिवाळीनंतर गेल्या. १९७६ ते २००७ त्या नर्सबाई होत्या (एएनएम), त्यातली बावीस वर्षं करमाळ्याकडच्या एकाच उपकेंद्रावर. गावचं घर विकायला काढलंय म्हणून गेल्या आठवड्यात आवराआवरीला गेलो. माळ्यावर पत्र्याची ट्रंक होती. भांडी असतील असं वाटलं, निघाल्या वह्या. मोजल्या तर एकसष्ट.

काही दैनंदिन्या आहेत: आज कुठल्या वस्तीवर गेले, काय केलं. काही घरवार नोंदवह्या: घर नंबर, कर्ता कोण, मुलं किती, पोटुशी कोण, धाकट्याला डोस कुठले झाले. खाली दाई किटची दोन न उघडलेली पाकिटं (दोरा, ब्लेड, साबणाची वडी) आणि थर्मामीटरची रिकामी नळी. तीन वह्यांना वाळवी लागलीय, बाकी बऱ्या आहेत.

दीर म्हणतात रद्दीत घाला, रद्दीवाला किलोला चौदा रुपये देतोय. नवरा काहीच म्हणत नाही, नुसता वह्या उघडून बसतो. मला टाकवत नाही, पण पुण्यातल्या दोन खोल्यांत ठेवू कुठे? या कुणाला हव्या असतात का? कुठे देतात?

आणि एक कोडं. पानोपानी "र.न. ३, क्लो. १२" असं काहीतरी आहे. शिवाय घरवार वहीत काही घरांपुढे समासात बारीक "पा." लिहिलंय. कुणाला अर्थ लागतो का?

खारीबिस्किट
वाचनखूण साठवली. आमच्या इथल्या भेळवाल्याकडे मला एकदा १९९८च्या पल्स पोलिओच्या यादीत भेळ मिळाली होती. भेळ बरी होती.

बोरूबहाद्दर
ताई, चौदा रुपयांसाठी घाई करू नका एवढंच आत्ता सांगतो. "पा." म्हणजे "पाळणा" असणार. पाळणा लांबवलेली घरं, तांबी वगैरे.

निवृत्तवैद्य
पहिलं कोडं सोपं आहे. र.न. म्हणजे रक्तनमुना, क्लो. म्हणजे क्लोरोक्विन, हिवतापाची (मलेरियाची) गोळी. तापाचा माणूस दिसला की बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं आणि अहवालाची वाट न पाहता चार गोळ्या द्यायच्या, १५० मिलिग्रॅमच्या चार म्हणजे ६०० मिलिग्रॅम. तिघांचं रक्त घेतलं, चार त्रिक बारा. तुमच्या सासूबाईंचा हिशोब चोख आहे.

त्या नोकरीला लागल्या ते साल बघा. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे. फवारणीच्या मोहिमेने १९६५पर्यंत तो लाखाच्या आसपास आणला. सगळे निर्धास्त झाले आणि १९७६ साली आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला. त्याच सुमारास, करतारसिंग समितीच्या १९७३च्या शिफारशीप्रमाणे, हिवतापाचा वेगळा, देवीचा वेगळा, कुटुंबनियोजनाचा वेगळा असे कर्मचारी मोडून बहुउद्देशीय कर्मचारी आले. म्हणजे एकाच बाईच्या पिशवीत काचपट्ट्या, लसी, तांबी आणि जीवनसत्त्वाची बाटली. ही पिशवी कशी भरत गेली ते या वह्यांत वर्षावर्षाने दिसेल. छापील अहवालात ते सापडत नाही.

"पा."बद्दल बोरूबहाद्दरांशी असहमत. तांबीची नोंद वेगळ्या रकान्यात असे.

माळावरचा
आमच्या जुन्या घराच्या दाराशेजारी अजून त्यो चौकोन हाय. मलेरियावाला यायचा, चौकोनात तारीख टाकायचा नि सही ठोकायचा. वडलांनी दोनदा चुना मारला घराला पण तेवढा चौकोन सोडून. म्हणायचे सरकारी हाय, पुसला तर दंड व्हतो. आता घर पाडायचं निघालंय. त्याचंबी काय जतन करावं का नुसता फोटू काढू?

खारीबिस्किट
@माळावरचा, तुमचे वडील हेच खरे पुराभिलेख संचालक.

ग्रंथपाल_ताई
माळावरचा, फोटो आजच काढा. शेजारी मोजपट्टी धरा, सकाळच्या तिरप्या उन्हात काढा म्हणजे पुसट तारखा उठतील. गाव, घर, तारीख लगेच लिहून ठेवा.

अनघा, आता तुमच्याकडे. आधी काय करू नये ते सांगते, कारण प्रेमापोटीच जास्त नुकसान होतं. लॅमिनेशन नको. सेलोटेप तर मुळीच नको, दहा वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षरं घेऊन निघते. पुन्हा बाइंडिंग नको. डांबरगोळ्या नकोत. कडुनिंबाचा पाला घालायचाच असेल तर खडखडीत वाळलेला.

वाळवीच्या तीन वह्या आज वेगळ्या काढा, दुसऱ्या खोलीत. मऊ ब्रशने माती झटका, सावलीत वारा द्या, उन्हात टाकू नका. गंजलेल्या पिना ओढू नका. मागून टोकं सरळ करून अलगद काढा आणि त्या जागी पांढरा दोरा. ट्रंक चांगली आहे, पण जमिनीवर नको, बाहेरच्या भिंतीला टेकून नको, खाली दोन विटा.

मग मोबाइलने फोटो. वही सपाट, खाली काळा कागद, फ्लॅश बंद. कव्हरपासून शेवटच्या पानापर्यंत सगळं, कोरं पानसुद्धा. फाइलला नाव देताना वर्ष, वहीचा प्रकार, पान. "आई वही नवीन फायनल २" अशी नावं मी संस्थांच्या संगणकावर पाहिली आहेत. तीन प्रती करा, तिन्ही एका घरात ठेवू नका.

आणि ट्रंकेत वह्या ज्या क्रमाने होत्या तो क्रम मोडू नका. मोडला असेल तर आठवेल तसा लिहून काढा. कुणी कशाशेजारी काय ठेवलं हीसुद्धा माहिती असते.

अनघा_के
क्रम मोडला. 😔 नवऱ्याने वर्षाप्रमाणे लावल्या, कौतुकाने.

शून्यबुद्धी
मी जरा थंड पाणी ओततो, राग मानू नये. आरोग्य खात्याच्या नोंदी किती खऱ्या असतात ते खात्यात काम केलेल्या कुणालाही विचारा. घरी बसून भरलेली रजिस्टरं ढिगाने पाहिली आहेत. खोटे आकडे जपून उद्या पीएचडीवाले त्यावर प्रबंध लिहिणार. रद्दीवाला जास्त प्रामाणिक.

निवृत्तवैद्य
शून्यबुद्धी, तुम्ही थट्टेत म्हणालात, मी गंभीरपणे घेतो, कारण अर्धं खरं आहे. मी तालुक्याला होतो तेव्हा कुटुंबनियोजनाचं उद्दिष्ट वरून ठरून येई, साधनवार. शस्त्रक्रिया इतक्या, तांबी इतक्या. १ एप्रिल १९९६ला ही उद्दिष्टं बंद झाली. त्याआधीची कुठलीही वही घ्या आणि मार्च महिना पाहा. वर्षभर रखडलेला आकडा मार्चमध्ये उडी मारतो. तांब्यांचे आकडे तर असे की तालुक्यात तेवढ्या बायकाच नसाव्यात.

म्हणून टाकून द्यायच्या का? उलट. वर गेलेल्या मासिक अहवालात फक्त उडी दिसते. खालच्या वहीत ती उडी कशी मारली ते दिसतं: कुठे शाई बदलली, कुठे एकाच बैठकीत वीस नावं आली, कुठे नाव आहे पण घर नंबर नाही. खोटी नोंदसुद्धा त्या काळात बाईंवर काय दाब होता त्याची खरी नोंद आहे.

दुसरं. सरकारी कार्यालयात अभिलेखांचे वर्ग असतात. 'अ' कायमचा, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा, 'क-१' पाच, 'ड' एक वर्ष. सगळं रुमालात बांधून, वर चिठ्ठी लावून अभिलेख कक्षात. मुदत संपली की नाशनाची यादी करून मंजुरी घ्यायची. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा २००५चा आहे. पण आरोग्याच्या तळातल्या वह्या 'अ' वर्गात क्वचितच पडतात. मी स्वतः एकदा नाशनाच्या यादीवर सही केली आहे. आठ-दहा उपकेंद्रांचे गठ्ठे होते, पावसात भिजलेले. तेव्हा खोली मोकळी झाली याचा आनंदच झाला होता. आज लाज वाटते.

बोरूबहाद्दर
डॉक्टरसाहेब, प्रांजळपणाला दंडवत.

मोडीवेडा
अवांतर होईल, पण लिहितोच. कोतवाल बुक माहीत आहे ना? गाव नमुना १४, गावातल्या जन्ममृत्यूची नोंद. वर्षानुवर्षं तहसिलात धूळ खात पडलेलं. २०२३ला न्या. शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि कुणबी नोंदींसाठी अख्खा महाराष्ट्र त्या बुकांवर तुटून पडला. मोडी वाचणाऱ्याला भाव आला. माझ्या बायकोला लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या छंदाचं कौतुक वाटलं.

मीही लोकांना वाचून दिलं. सगळ्यांचं बोट जातीच्या रकान्यावर. पण शेजारी मरणाच्या कारणाचा रकाना असतो: ताप, पटकी (कॉलरा), देवी, हगवण. एका गावात आठ दिवसांत एकाच आळीतली अकरा नावं, सगळ्यांपुढे पटकी. मी थांबलो, तर समोरचे गृहस्थ म्हणाले, "ते सोडा हो, पुढं कुणबी दिसतंय का?"

म्हणजे आरोग्याचा दस्तऐवज आपण जपला तो दाखल्यासाठी. असो, जपला हे खरं.

शून्यबुद्धी
चला, आता अनघाताईंच्या वह्यांना कुणाच्या तरी आरक्षणाशी जोडा, शासन वातानुकूलित खोली देईल. (हलकेच घ्या.)

अटलांटिकपार
ब्रिटिशांच्या वेळचं शोधणाऱ्यांसाठी: नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने भारताच्या वैद्यकीय इतिहासाचा मोठा साठा नेटवर फुकट ठेवलाय. मुंबई इलाख्याचे लस टोचणीचे अहवाल, प्लेग, महारोग, सगळं. मिशनची कागदपत्रंही इकडे अमेरिकेत. नगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनचे कागद त्यांच्या मूळ संस्थेच्या दप्तरासोबत हार्वर्डच्या ह्यूटन ग्रंथालयात आहेत. मी एक दिवस काढून गेलो होतो. हातात पेन नेऊ देत नाहीत, फक्त पेन्सिल. साहेब घरी काय लिहीत होता ते पान न पान सापडतं. दवाखान्यात कंपाउंडर कोण, सुईण कोण, ते "एक स्थानिक स्त्री" एवढंच.

माळावरचा
ह्येच म्हणणार हुतो. आमचं गाव जामखेडच्या अंगाला. आरोळे डॉक्टर नवराबायको १९७०ला आले तवा गावागावांतून बाया निवडल्या, बऱ्याचशा दलित वस्तीतल्या, अंगठाबहाद्दर. माझी चुलत आजी त्यातली. जामखेडला जाऊन शिकून यायची नि रातच्याला बायांना गोळा करून सांगायची. पोटुशी बाई कशी बघायची, जुलाब लागल्यावर साखरमिठाचं पाणी कसं द्यायचं, समदं तोंडपाठ. जगातले डॉक्टर तिला बघाया यायचे. आता तिनं लिव्हलेलं काय असणार? काहीच न्हाई. जे हाय ते तिच्या डोक्यात, नि ती आता नव्वदीला टेकली.

निवृत्तवैद्य
जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली काढलेल्या पुस्तकात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होतं. तीन वर्षांनी अल्मा-आटाला प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला, त्यामागच्या उदाहरणांत जामखेड होतं. १९७९ला आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं. हे सगळं कुठे ना कुठे छापलेलं आहे. तुमच्या आजीचं छापलेलं नाही. माळावरचा, रविवारी जा आणि मोबाइल समोर ठेवा.

ग्रंथपाल_ताई
आणि "तुमचं योगदान सांगा" असं विचारू नका, गप्प होतील. "पहिलं बाळंतपण कुणाचं केलंस? रस्ता कसला होता? पिशवीत काय होतं?" असं विचारा. मध्ये बोलू नका. पंखा बंद करा, रेकॉर्डिंगमध्ये फक्त तोच ऐकू येतो.

गोंडवनातून
इकडे गडचिरोलीत बंग डॉक्टरांच्या 'सर्च' या संस्थेचं उदाहरण वेगळं आहे. त्यांनी १९८६पासून नोंद हाच उपचाराचा पाया धरला. गावात जन्मलेलं प्रत्येक मूल आणि प्रत्येक मृत्यू लिहायचा, म्हणजे लिहायचाच. ३९ गावांत आरोग्यदूत बायकांनी घरी जाऊन नवजात बाळं सांभाळली, तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूचा दर ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं आणि २०११पासून आशाताईंमार्फत तेच देशभर. तळची वही पक्की नसती तर दिल्लीत कुणी विश्वास ठेवला नसता.

आणि वस्तू विसरू नका. दाईला लिहिता-मोजता येत नाही, मग बाळाचा श्वास मोजायचा कसा? त्यांनी मण्यांचं साधन केलं, श्वासांप्रमाणे मणी सरकवायचे, ठरलेल्या वेळेत लाल मण्यापर्यंत गेलं की न्यूमोनिया. असली गोष्ट निबंधात एका ओळीत उरते, हातात घेतल्यावर कळते. अनघाताई, ती दाई किट टाकू नका.

स्वराली
सगळे भावुक झालात म्हणून मी वाईटपणा घेते. या वह्यांत जिवंत माणसांची नावं आहेत. कुणाला क्षय, कुणाची नसबंदी, कुणाचं लग्नाआधीचं पोट. गर्भपाताची नोंदवही तर कायद्यानेच गोपनीय. आणि तुम्ही स्कॅन करून नेटवर टाकायच्या गोष्टी करताय? त्या गावात कोण कुणाची सून ते सगळ्यांना माहीत असतं.

शून्यबुद्धी
स्वरालीशी सहमत. (तारीख लिहून ठेवा.)

बोरूबहाद्दर
नेटवर टाका असं कुणीच म्हटलं नाही, जतन करा म्हटलंय. तुमच्या न्यायाने आणीबाणीतल्या नसबंदीचा पुरावाच उरणार नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीचं विधेयकच मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. कुणावर बळजबरी झाली ते नावानिशी नाही तर कसं कळणार?

स्वराली
ज्याच्यावर बळजबरी झाली त्याने आपलं नाव द्यायचं की नाही ते त्याने ठरवावं, तुम्ही-मी नाही.

बोरूबहाद्दर
तो गेला असेल तर?

स्वराली
मग त्याची मुलं आहेत. गाव आहे.

ग्रंथपाल_ताई
दोघंही थांबा जरा. मधला रस्ता असतो. मूळ वही बंद, ठरावीक वर्षं कुणालाही नाही. अभ्यासकाला नावं झाकलेली प्रत, त्याच्याकडून लेखी हमी घेऊन. देणगीपत्रातच हे घालता येतं. अनघा, तुम्ही देताना अटी घालू शकता, तो तुमचा हक्क आहे. पण आधी बघा की कुठल्या वह्या सरकारी (शिक्का, पान क्रमांक) आणि कुठल्या त्यांच्या खासगी. सरकारी असतील तर आधी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला पत्र द्या. बहुधा उत्तर येणार नाही, पण पोच जपून ठेवा.

द्यायच्या जागा: पुण्याचं पुरालेखागार खासगी कागदपत्रं घेतं का विचारून पाहा, नाहीतर एखादं वैद्यकीय महाविद्यालय किंवा समाजविज्ञानाची संस्था. जाताना सगळं ओझं नेऊ नका, दोन वह्यांचे फोटो आणि एक पानाची यादी न्या.

खारीबिस्किट
"पा."चं काय झालं पण? मी त्यासाठीच रोज येतोय. माझा अंदाज: पाटील. ज्यांच्याशी जपून बोलायचं ती घरं.

मोडीवेडा
"पाहिले"चं संक्षिप्त रूप असावं. जुन्या दप्तरांत अशी खूण असते.

*(यानंतर सुमारे पाच आठवडे शांतता)*

माळावरचा
धागा वर काढतो. आजीचं तीन तास रेकॉर्ड झालं. पंखा बंद ठिवला, घामानं न्हालो. मधी दोनदा झोपली. घर पाडलं पण त्यो चौकोन मिस्त्रीला सांगून अख्खा कापून काढला, दोन माणसं लागली उचलाया. बायको म्हणती आता ह्यो ठिवायचा कुठं.

खारीबिस्किट
अनघाताईंच्या दोन खोल्यांत.

अनघा_के
😄 नको!

बरं, माझंही सांगते. अठ्ठावीस वह्यांचे फोटो झाले. शिक्क्याच्या नऊ निघाल्या, जिल्हा परिषदेला पत्र दिलं, पोच आहे, उत्तर नाही. बाकीच्यांसाठी एका संस्थेशी बोलणं चालू आहे, ठरलं की नाव सांगेन. स्वराली, तुमच्यामुळे क्षयाची आणि शस्त्रक्रियांची वही वेगळी काढली. ती माझ्याकडेच राहील.

"पा." कळलं. उपकेंद्रावर सासूबाईंसोबत असलेल्या मदतनीस मावशी अजून गावात आहेत. त्यांना वही दाखवली. वाचता येत नाही, मी घरं वाचत गेले, कुठल्या घरापुढे "पा." आणि कुठल्या नाही. चौथ्या-पाचव्या घराला हसल्या. म्हणाल्या, "पाणी गं. जिथं बाईला पाणी मिळायचं ती घरं. ऊन असायचं, तीन-चार कोस चाल. कुठं मागायचं नि कुठं नाही ते नव्या गावात आधी लिहून ठेवायची."

सासूबाई कुठल्या समाजाच्या ते मी लिहिलं नव्हतं, लिहायची गरज वाटली नव्हती. १९८१च्या वहीत त्या गावात ११४ घरं आहेत. "पा." सदतीस घरांपुढे. डोस मात्र सगळ्या घरांपुढे भरलेत.

निवृत्तवैद्य
मी या नोंदवह्या तपासायला जात असे. समासातली अशी खूण दिसली की लाल शाईने "अनावश्यक खुणा करू नयेत" असा शेरा मारायचो.

स्वराली
अनघा, आता हीसुद्धा झाकायची का? उरलेल्या सत्त्याहत्तर घरांची नावं?

बोरूबहाद्दर
ती तर मुळीच झाकू नका.

अनघा_के
ठरलं नाही अजून. नवरा म्हणतो, १९९४च्या वहीत त्याच गावाची खूण मोजू आधी. आज रात्री बसतोय.

खारीबिस्किट
किती निघाली ते कळवा. जागा आहे मी.